टाकीच्या तोंडाशी

"भाऊ, तुमची मोठी पोरगी भंडाऱ्याले देल्ली ना?"

हर्षा तितरमारे विमानाच्या उजव्या पंखाखाली लोखंडी मचाणावर उभी राहून वर तोंड करून विचारत होती. तिच्या डोक्यावर, पंखाच्या पोटात, दीड फूट लांब आणि पाऊण फूट रुंद असं अंडाकृती भोक होतं. त्यातून इंधनाच्या रिकाम्या टाकीत हटवारभाऊ शिरलेले होते. बाहेरून त्यांचे फक्त बूट दिसत होते.

"अवं गोंदियाले! गोंदियाले!" टाकीतून घुमलेला आवाज आला. "किती खेपा सांगू तुले? काल सांगतलं, परवा सांगतलं!"

"हां हां, गोंदिया. अन् जावई रेल्वेत."

"रेल्वेत तुया बाप! जावई मास्तर हाय. झेडपीच्या शाळेत!"

खाली चाकांवर काम करणारे दोघंतिघं हसले. हर्षानं हातातल्या फॉर्मवर कसलीशी खूण केली आणि ब्लोअरच्या पिवळ्या नळीवर तळहात टेकून पुन्हा तशीच रेलून उभी राहिली.

मी वीस फुटांवरून, माझ्या टेबलाशी बसून, घड्याळ बघत होते. आधीची हाक आणि ही हाक यांत सात मिनिटं दहा सेकंद गेले होते. नियम पाच मिनिटांचा होता. मी वहीत लिहून ठेवलं.

ही नागपूरजवळच्या एका हँगरमधली गोष्ट आहे. तिला आता सात वर्षं होतील. तिथं प्रवासी विमानं दुरुस्तीला येत. मी रसायनशास्त्रात एमएस्सी करून सुरक्षा विभागात उमेदवार म्हणून लागले होते. प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. कायम व्हायला दोन गोष्टी लागत. एक लेखी परीक्षा, ती मी अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी पास झाले होते. दुसरी, टाकीवर 'वॉच' म्हणून पाच नोंदी.

वॉच म्हणजे बाहेरचा माणूस. रिकामी केली तरी टाकीत इंधनाची वाफ उरते, शिवाय आत सांधे बुजवायचं सीलंट आणि ते पुसायचं सॉल्व्हंट वापरतात. त्याची वाफ जड असते, डोकं बधिर करते. म्हणून टाकीत माणूस असेपर्यंत दुसरा एक माणूस तोंडाशी उभा राहतो. त्यानं हवा मोजायचा मीटर वाचायचा, ब्लोअरची हवा आत जातेय ना ते बघायचं, दर पाच मिनिटांनी हाक द्यायची, आणि काही बिनसलं तर गळ्यातली शिट्टी वाजवायची. त्यानं स्वतः आत कधीच शिरायचं नाही.

आणि एक रिवाज होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. आपला वॉच कोण, हे आत जाणारा ठरवायचा. जीव त्याचा, माणूस त्याचा.

टाकीत शिरणारे तिघंच होते. त्यातले दोघं एकमेकांचेच वॉच. उरले हटवारभाऊ. बावन्न वर्षांचे, एकावन्न किलोंचे, रागीट. पर्मिटच्या फॉर्मवर वॉचच्या नावासमोर ते रोज एकच नाव सांगत.

"हर्षा."

साडेपाच महिने झाले होते. माझ्या नोंदी शून्य होत्या.

हर्षा उमरेडची. आयटीआय करून आलेली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लेखी परीक्षेत तिला एकसष्ट टक्के मिळाले होते. सुरक्षा विभागात आमची टेबलं शेजारी शेजारी होती. ती डबा उघडला की आधी माझ्यापुढं करायची आणि मी म्हणायचे, "नको, माझा आहे." आमचं एवढंच बोलणं.

एकदा मी तिला विचारलं होतं, "हर्षा, हटवारभाऊंची मुलगी गोंदियाला असते, हे तुला रोज कसं विसरायला होतं?"

हटवारभाऊ तिथंच चहा पीत उभे होते. हर्षानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि जीभ चावून म्हणाली, "माझ्या काही ध्यानातच राहत नाही बा, मॅडम."

"डोकं नाही, कवठ हाय तिचं," भाऊ म्हणाले. "खाली, रिकामं."

सगळे हसले, हर्षाही हसली. मला मात्र हसू आलं नाही. ज्या माणसाला कवठ म्हणायचं, त्याच्याच हाती रोज आपला जीव द्यायचा, हे कसलं गणित? भाऊ माझ्याशी बोलताना 'मॅडम' म्हणत. अहो-जाहो करत. मला एकदाही त्यांनी शिवी दिली नव्हती. 'तुया बाप' असं आपल्याला कुणी म्हणावं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, आणि ते वाटतंय याची लाजही वाटत होती.

मी एकदा सरळच विचारलं. "भाऊ, उद्या मी उभी राहू का? मला पाच नोंदी हव्यात. नाहीतर महिनाअखेरीस मला घरी पाठवतील."

भाऊंनी बुटांची नाडी बांधता बांधता वर पाहिलं. "मॅडम, तुमचं सगळं बरोबर असते," ते म्हणाले. "मले भेव वाटते."

"बरोबर असण्याची भीती?"

"आता कसं सांगू," म्हणाले आणि उठून गेले.

त्या दिवसापासून मी वहीत लिहायला लागले. हर्षाच्या हाका चार मिनिटांपासून आठ मिनिटांपर्यंत कशाही असत. बोलणं कामाचं नसे. एकदा तिनं भाऊंना सांगितलं की गोळाभातात गोळे घालायच्या आधी भात शिजवून गार करतात, आणि पंखाच्या पोटातून तीन मिनिटं गोळाभाताची खरी रीत ऐकू आली, मधूनमधून तिच्या आईच्या स्वयंपाकाचा उद्धार करत. एकदा तिनं भाऊंचं वय अठ्ठावन्न सांगितलं. एकदा त्यांच्या बैलाचं नाव चुकवलं. मीटरकडं ती हाकेला एकदा बघे, बाकी वेळ नळीवर हात टाकून रेललेली. फॉर्मवर मीटर 'प्रवेशतोंडाशी' धरायचा असं छापलेलं होतं. ती मीटरची बारीक नळी भाऊंच्याच हाती देऊन आत पाठवायची. अकरा दिवसांत मी सदतीस चुका मोजल्या.

मग मी तक्रार लिहिली. सही केली नाही.

पळसोकर सर आमचे प्रमुख. त्यांनी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली, नाव न घेता. पण तिच्यात प्रत्येक वेळ सेकंदांसह लिहिली होती, आणि त्या हँगरमध्ये सेकंद लिहिणारं माणूस एकच होतं. हर्षा माझ्याकडं बघेल म्हणून मी खाली बघत होते. ती बघत होती की नाही, मला माहीत नाही.

"पंधरा दिवस हर्षा टाकीवर नाही," सर म्हणाले. "ती चाकांच्या कामावर. हटवार, तुमच्या वॉचला खानझोडे." खानझोडे म्हणजे मी.

"म्या नाव नाही सांगतलं," भाऊ म्हणाले.

"विमान शनिवारी द्यायचंय, हटवार. नाव मी सांगतोय."

 भाऊंनी टोपी काढून पुन्हा घातली. "बरं."

पहिले तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात नीटनेटके दिवस होते, असं मला तेव्हा वाटलं. मचाणाभोवती काळी-पिवळी साखळी मी स्वतः बांधली. तिच्या आत पर्मिटवर नाव नसलेल्या माणसानं यायचं नाही. घड्याळ मचाणाच्या दांडीला टांगलं. मीटर प्रवेशतोंडाशी धरला. प्राणवायू २०.९ टक्के. इंधनाची वाफ शून्य. दर पाच मिनिटांनी, सेकंदकाटा बारावर आला की मी हाक देई.

"भाऊ, ठीक?"

"ठीक."

मी खूण करे. फॉर्मवर खुणांची एक सरळ उभी ओळ तयार होई. पळसोकर सरांनी तो फॉर्म दोन नव्या मुलांना दाखवला. "असं पाहिजे," म्हणाले. हर्षा तिथून चाकाचा पाना घेऊन चालली होती. तिनं फॉर्मकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, काहीतरी बोलायला थांबली आणि भाऊ जवळ आहेत असं बघून पुढं गेली.

मला ते आवडलं. तिला ऐकायला लागलं, हे मला फार आवडलं.

चौथा दिवस गुरुवार. भाऊ सव्वाअकराला आत गेले. त्या दिवशीचं काम तोंडापासून लांबच्या कप्प्यात होतं. टाकीत आडवे पत्रे असतात, त्यांना भोकं असतात, आणि माणूस एका कप्प्यातून दुसऱ्यात सरपटत जातो. ब्लोअरची नळी भाऊंनी बरोबर ओढून नेली. गेल्यावर बूटसुद्धा दिसेनात. कमरेला बांधलेली दोरी तेवढी भोकातून लोंबत होती.

अकरा वीस. "भाऊ, ठीक?" "ठीक."

अकरा पंचवीस. २०.९. "ठीक?" "ठीक."

अकरा तीस. २०.९. "ठीक?" "ठीक."

अकरा पस्तीस. २०.९. "ठीक?" थोडं थांबून, "ठीक."

अकरा चाळीस. २०.९. "ठीक?" "ठीक... ठीक."

मी खूण केली. घड्याळाकडं नजर वळवली तेवढ्यात मागं साखळी खणखणली. हर्षा साखळी ओलांडून आत येत होती, हातात ग्रीसनं भरलेलं फडकं.

"आत यायचं नाही," मी म्हणाले. "तुझं नाव नाही पर्मिटवर."

"किती वेळा म्हणाले?"

"काय?"

"ठीक. भाऊ किती वेळा ठीक म्हणाले?"

"पाच. का?"

"भाऊ घरच्या माणसालेही दोनदा ठीक म्हणत नाही, मॅडम." ती मचाणावर चढली. मला खांद्यानं बाजूला करून तिनं भोकात तोंड घातलं. "भाऊ! भाऊ, तुमची मोठी पोरगी भंडाऱ्याले देल्ली ना?"

आतून काही आलं नाही.

"भाऊ! पोरगी भंडाऱ्याले ना?"

"हो," आतून आवाज आला. हळू, झोपेत बोलल्यासारखा. "हो... ठीक."

हर्षानं तोंड बाहेर काढलं. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता. माझ्या गळ्यातली शिट्टी मी वाजवायला हवी होती. माझा हात मीटरवर होता आणि मीटरवर २०.९ होतं, आणि मी त्या आकड्याकडं बघत होते. हर्षानं शिट्टी माझ्या गळ्यात असतानाच दोरीसकट ओढली आणि वाजवली. माझी मान तिच्या तोंडाशी ओढली गेली. तीन लांब शिट्ट्या. माझ्या उजव्या कानात त्या दुसऱ्या दिवसापर्यंत वाजत होत्या.

मग तिनं ब्लोअरच्या नळीवर हात ठेवला. "फुगलेली हाय, पण ओढ नाही," म्हणाली. "सुटली आत, मागं आली. इथंच हवा मारून रायली, इथूनच बाहेर येऊन रायली."

तेव्हा मला कळलं. शब्दांत नाही, आकड्यात कळलं. आत माणूस श्वास घेतोय, सॉल्व्हंट उडतंय, आणि चार दिवस, दर पाच मिनिटांनी, आकडा २०.९ आणि फक्त २०.९. हे बाहेरच्या मोकळ्या हवेचं प्रमाण आहे, अकरावीतलं पोरही सांगेल. मी एमएस्सी आहे. सुटलेल्या नळीतून परत येणारी ब्लोअरचीच ताजी हवा मी मोजत होते. खरं तर पहिल्या दिवसापासून मी भाऊंची हवा मोजलीच नव्हती. भोकाजवळची माझी हवा मोजली होती.

हर्षानं कोपऱ्यातला लांब दांडा उचलला, तोंडाजवळच पडलेलं नळीचं टोक त्याच्या आकड्यात अडकवलं आणि भोकातून आत, लांबच्या कप्प्याकडं जोर लावून सारलं. ती स्वतः आत शिरली नाही. डोकंसुद्धा पुन्हा घातलं नाही. "दोरी धरा," ती मला म्हणाली. "ओढू नका. नुसती धरा. हलली तर सांगा." आणि भोकाच्या कडेला तोंड नेऊन ओरडायला लागली. "भाऊ! तुमच्या जावयाची नोकरी गेली म्हणते! भाऊ! तुमचा बैल म्या इकला! शिव्या द्या ना भाऊ! एक द्या!"

दोरी माझ्या हातात हलत नव्हती.

बचाव पथकाचे दोघं श्वासाचे संच पाठीला लावून धावत आले. अडीच मिनिटं लागली, हे मी नंतर नोंदीत वाचलं. मी तेव्हा घड्याळ बघितलं नव्हतं. एक जण वर चढून आत गेला, दुसऱ्यानं माझ्या हातातून दोरी घेतली, आणि भाऊ पायांकडून बाहेर आले. त्यांच्या तोंडावरच्या मास्कचा एक पट्टा सुटलेला होता. कपड्यांना सॉल्व्हंटचा वास येत होता. आत कोपर लागून त्याचा डबा कलंडला होता, हेही नंतर कळलं. त्यांना खाली झोपवलं, प्राणवायू लावला. चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले, कुशीवर वळून ओकले, आणि म्हणाले, "हर्षे, कोणता बैल इकला बे?"

हर्षा खाली बसली आणि फडक्यात तोंड घालून रडली. ग्रीस तिच्या सगळ्या चेहऱ्याला लागलं.

मी उभी होते. भाऊ वाचले याचा आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. पण त्याच्याही आधी, पापणी लवायच्या आत, माझ्या मनात जे आलं ते असं होतं, की डोळे उघडून त्यांनी तिचं नाव घेतलं.

दुपारी पळसोकर सरांनी मला बोलावलं. माझा फॉर्म त्यांच्या समोर होता.

"फॉर्म स्वच्छ आहे," ते म्हणाले. "एक खूण इकडची तिकडं नाही. मीटर फॉर्मवर छापलंय तिथंच धरलास. ते छापलेलं आता बदलू, ती आपली चूक. तुझी नाही." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. "हे विमानाच्या मालकांकडं जाईल. वाच आणि सही कर."

तिसरी ओळ अशी होती: 'वॉच गार्गी खानझोडे यांच्या शिट्टीने ११.४२ वाजता इशारा देण्यात आला.'

"सर, शिट्टी हर्षानं वाजवली."

"कुणाची शिट्टी होती?"

"माझी."

"कुठं होती?"

"गळ्यात. माझ्या."

"मग ओळ बरोबर आहे." सरांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. "नीट ऐक. टाकीवरून काढलेली मुलगी, पर्मिटवर नाव नसताना, साखळी ओलांडून मचाणावर चढली. तिचं नाव या कागदात आलं की मला तिला मेमो द्यावा लागेल. नाही आलं तर प्रश्नच नाही. तिचंही भलं, तुझंही. आजची तुझी चौथी नोंद धरतो. पाचवी सोमवारी माझ्यासमोर करून टाक, कायम होशील."

"सही उद्या केली तर चालेल?"

"सकाळी दहाच्या आत."

कागद मी पिशवीत ठेवला. रिक्षात बसून तो तीनदा वाचला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

संध्याकाळी सहाला मी दवाखान्यात गेले. खोलीबाहेरच्या बाकावर तिशीतली एक बाई बसली होती. पायाशी प्रवासाची बॅग, तिच्यावर अजून गाडीचं तिकीट खोचलेलं. माझ्या गळ्यातलं हँगरचं ओळखपत्र बघून ती उठली.

"तुम्ही विमानाकडल्या? मी हटवारांची मोठी मुलगी. दुपारच्या गाडीनं आली." तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचे हात थंड होते. "मला तिथल्या एका भाऊनं फोनवर सांगितलं. बाहेर एक पोरगी उभी होती म्हणे, तिच्या ध्यानात आलं म्हणून बाबा वाचले. तुम्हीच ना ताई?"

मला 'हो' म्हणायचं नव्हतं. मला 'नाही' म्हणायचं नव्हतं. तिचे हात काही वेळ तसेच राहू द्यायचे होते. त्या हँगरमध्ये साडेपाच महिन्यांत माझे हात कुणी धरले नव्हते. बाहेर उभी असलेली पोरगी मीच होते. यातही एकही शब्द खोटा नव्हता.

"डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं तर..." तिनं माझे हात आणखी घट्ट धरले. "तुमचे उपकार कसे..."

"ती मी नाही," मी म्हणाले.

"पण बाहेर तुम्हीच होत्या ना?"

"होते."

"मग?"

"मी नुसती उभी होते," मी म्हणाले. "ध्यानात हर्षाच्या आलं. हर्षा तितरमारे. ती तिथं यायलाच नको होती, तिला मीच तिथून काढलं होतं. ती आली म्हणून..."

तिनं हात एकदम सोडले नाहीत. आधी एक सोडला. माझ्याकडं पाहत राहिली, मग दुसरा.

"मग ती कुठंय?" तिनं विचारलं. "तिला कोणी सांगितलं का बाबा आता बोलतात म्हणून?"

कुणी सांगितलं नव्हतं. साडेपाच महिने शेजारी बसून माझ्याकडं हर्षाचा नंबर नव्हता. हटवारभाऊंच्या फोनमध्ये तो सापडला, 'हर्षी कवठ' या नावानं. मी जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन त्यावरूनच फोन लावला.

"बोला भाऊ!" ती जवळजवळ ओरडली.

"भाऊ नाही. मी गार्गी." तिनं काही विचारायच्या आत मी सांगून टाकलं. "भाऊ बरे आहेत. बोलतात. त्यांची मुलगी आली आहे, तुला बोलावते आहे."

"काय बोलतात?"

"पेज पातळ आहे म्हणून नर्सला बोलले म्हणे."

तिनं श्वास सोडलेला मला ऐकू आला. "मग बरे आहेत," ती म्हणाली. "येते मी."

"हर्षा, थांब. ते गोंदियाचं, बैलाचं... तू मुद्दाम चुकत होतीस."

"हो मग. 'ठीक' तर माणूस झोपेतही म्हणते. चुकलेलं दुरुस्त कराले जागं राहावं लागते. डोकं सुन्न झालं का आधी राग जाते माणसाचा." मग म्हणाली, "माझ्या काकाचं तसंच झालं होतं, विहिरीत. वरून विचारत होते, बरा हायस का, तो हो हो म्हणत होता."

"मला का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं."

"भाऊ होते ना बाजूले. त्यांना समजलं असतं तर ते काऊन चिडले असते? अजूनही सांगू नका. अन् कुठं लिहू नका."

"ते नाही लिहिणार." माझ्या हातात पळसोकर सरांचा कागद होता. घडीवर तो घामानं मऊ झाला होता. "पण उद्याच्या कागदावर तुझं नाव येईल. साखळी ओलांडल्याचा मेमो मिळेल तुला."

"मिळू द्या. ओलांडली ना म्या."

"शिट्टी तू वाजवलीस, असं मी लिहिणार आहे."

फोनमध्ये रस्त्याचा आवाज येत होता. ती निघालेलीच असावी. तिला माझ्या बोलण्याचा अर्थच लागला नाही. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, खरंच न कळून तिनं विचारलं,

"मग दुसरं काय लिहिणार होत्या, मॅडम?"